मुलांची सायंकाळची शिदोरी

संस्कृत भाषेंत ‘पाथेय’ असा एक सुंदर शब्द आहे. ‘पथिन्’ म्हणजे वाट. त्या वाटेवर जें उपयोगीं पडतें तें पाथेय, अशी त्याची व्युत्पत्ति पाणिनीय व्याकरणांत सांगितलेली आहे. मेघदूतांत मेघाच्या सोबतीनें कैलासाकडे निघालेल्या राजहंसांनाहि कालिदासानें रिकाम्या चोंचीनें जाऊं दिलेलें नाहीं. कमळाच्या कोंवळ्या देठांचे तुकडे त्यांनीं वाटेसाठीं बरोबर घेतले आहेत. सुदाम्याच्या पुरचुंडींतले पोहे आणि गोपाळांच्या शिंक्यांतल्या शिदोऱ्या हीं पाथेयाचींच रूपें होत. पूर्वीं शिदोरी बांधली जाई ती परगांवीं जाणाऱ्यासाठीं, शेतावर राबणाऱ्यासाठीं किंवा पंढरीच्या वाटेनें निघालेल्यासाठीं. हल्लीं ती बांधावी लागते ती आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठीं, आणि त्यांचा प्रवास असतो घरापासून फार तर अर्ध्या कोसाचा!

हें कसें झालें तें आमच्या वाचकांना सांगावयास नकोच. पुण्यासारख्या शहरांतल्या कोणत्याहि सुशिक्षित घरीं सायंकाळीं पांच ते आठ या वेळांत जाऊन पाहावें. मूल शाळेंतून सुटतें तें गणिताच्या शिकवणीस जातें. तेथून सुटतें तें मल्लखांबास, पोहावयास, तबल्यास नाहीं तर नाटकाच्या तालमीस जातें. आई कचेरींतून निघालेली असते, पण पुलावरच्या गर्दींत अडकलेली असते. बापाची तीच गत. दिवेलागणीला सगळीं मुलें एका ओळींत बसून परवचा म्हणत आणि आठाच्या ठोक्याला पानें मांडलीं जात, तो काळ गेला. आम्ही त्याचे गोडवे गाण्यास बसलों नाहीं. त्या काळांतल्या मुली परवचा म्हणून उठत आणि लगेच पाटपाणी करीत. मल्लखांबावर चढण्याची गोष्ट त्यांना कोणी विचारीतहि नसे. आमची नात आज पोहते, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु पोहून आलेल्या मुलीच्या पोटांत भुकेनें जो वणवा पेटतो तो विझवावयाचा कशानें, हा प्रश्न आनंदानें सुटत नाहीं.

दुपारच्या डब्याची व्यवस्था महाराष्ट्रानें केव्हांच लावून दिलेली आहे. मुंबईंत १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं घरोघरचे डबे कचेऱ्यांतून पोंचविण्याचा जो परिपाठ घातला त्याचें कौतुक परदेशांतहि झालें. पण सायंकाळच्या डब्याला असा कोणी वाली नाहीं. तो मुलानें सकाळींच दप्तरांतून न्यावा लागतो, किंवा घरांतल्या एखाद्या आजोबानें पांच वाजतां नेऊन द्यावा लागतो. या दोन मार्गांतला भेद वरवर किरकोळ वाटतो. वस्तुतः सगळ्या प्रश्नाची किल्ली तोच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं सुरक्षित अन्नाविषयीं एक पुस्तिका प्रसिद्ध केली. शिजविलेलें अन्न साध्या हवेंत दोन तासांहून अधिक ठेवूं नये. गरम ठेवावयाचें तर साठ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ठेवावयाचें तर पांच अंशांच्या खालीं ठेवावें, असें तींत सांगितलें आहे. आतां सकाळीं सातला भरलेला डबा सायंकाळीं सहाला उघडला तर मध्यें अकरा तास गेले. त्यांत वैशाखाचें ऊन आणि दप्तराची ऊब! विशेषतः भाताविषयीं आमच्या भगिनींनीं सावध असावें. बॅसिलस सीरियस नांवाचा एक जंतु आहे. त्याचे बीजाणू तांदूळ शिजला तरी मरत नाहींत. भात कोमट राहिला कीं ते वाढीस लागतात आणि एक प्रकारचें विष उत्पन्न करतात. हें विष भात पुन्हा गरम केल्यानेंहि नाहीसें होत नाहीं. तेव्हां सकाळचा फोडणीचा भात सायंकाळच्या डब्यांत घालणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. ‘आम्ही तर शिळा भात खाऊनच वाढलों’, असें कोणी वडील माणूस म्हणेल. खरें आहे. परंतु त्या भातावर ताक पडे, आणि आंबटपणांत बरेचसे जंतु फोंफावत नाहींत. शिवाय ज्यांचें पोट बिघडे त्यांचा दोष कोणी भाताला देत नसे, दृष्टीला देत असे.

म्हणून शिदोरी सकाळींच न्यावयाची असेल तर ती कोरड्या पदार्थांची असावी. ज्या पदार्थांत पाणी थोडें तेथें जंतूंना थारा थोडा; गूळ, साखर आणि मीठ हे उरलेलें पाणीहि धरून ठेवतात. हें आमच्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकतां ठाऊक होतें. दशमीचेंच पाहा. कणीक पाण्यांत न भिजवतां दुधांत भिजवावयाची, एवढीच तिची युक्ति. सोंवळ्याओंवळ्याच्या जुन्या नियमांत पाण्यांत शिजविलेलें अन्न प्रवासांत चालत नसे; दुधांतलें चाले. त्या नियमापोटीं जी दशमी निघाली ती दुधांतल्या स्निग्धतेमुळें दुसऱ्या दिवशींहि मऊ राहते, हा मुलांचा लाभ. नियम गेला तरी दशमी टाकून देण्याचें कारण नाहीं. तिच्याबरोबर गुळाचा खडा, दाण्याची सुकी चटणी किंवा तूप-मेतकूट द्यावें. तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळपापडी, राजगिऱ्याचा लाडू, भाजलेले चणे, खजूर, आणि सालांतच राहणारीं केळीं, संत्रीं हीं सर्व याच वर्गांतलीं. मात्र पांच वर्षांखालील मुलांस अख्खे शेंगदाणे, चणे किंवा अख्खीं द्राक्षें देऊं नयेत. तीं श्वासनलिकेंत अडकून जिवावर बेतूं शकतें. दाण्यांचा कूट करावा, द्राक्ष उभें चिरावें. आणि मूल मोठें असलें तरी धांवत्या रिक्षांत चणे खाण्याची त्यास संवय लावूं नये.

येथपर्यंत विषय सोपा आहे. अवघड आहे तो पुढें. कारण शिदोरी उत्तम झाली तरी ती खावयाची कीं नाहीं हें ठरविणारा धनी वेगळाच असतो. चरकसंहितेच्या विमानस्थानांत आहाराचा विचार कोणत्या आठ अंगांनीं करावा तें सांगितलें आहे: प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. पदार्थ मुळांत कसा, त्यावर संस्कार कोणते, कशांत काय मिसळलें, किती, कोठें, केव्हां, कोणत्या नियमांनीं, आणि शेवटीं खाणारा कोण. आपल्या घरांत बहुधा पहिल्या दोहोंचाच खल चालतो. भाजी कोणती आणि तिला फोडणी कशाची, एवढें ठरलें कीं डबा भरला. मूल तो कोठें बसून खाणार आहे, किती मिनिटांत खाणार आहे, हात कोठें धुणार आहे, हें विचारावें असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

आमच्या घरीं दहा पानें होतात. आमच्या ज्येष्ठ वहिनी, आम्ही उभयतां, दोन मुलगे, दोन सुना व तीन नातवंडें. दोन वर्षांमागें धाकटा नातू चौथींत असतां त्याचा सायंकाळचा डबा रोज रिकामा येई, तरी पोर रोड होत चालला. रात्रीं पानावर बसला कीं दोन घासांत पेंगूं लागे. पुढें एके दिवशीं शेजारच्या एका मुलानें निरागसपणें सांगितलें कीं, हा आपला डबा कुंपणाजवळच्या कुत्र्यास घालतो. झालें! रात्रीं घरांत न्यायसभा भरली. वहिनी म्हणाल्या, अन्नाचा अपमान करणाऱ्यास एक दिवस उपाशी ठेवावा. आमचें कुटुंब म्हणालें, पोराला भाजीच आवडत नसेल, उद्यांपासून त्याच्या आवडीचें द्या. चुलत्यानें चोचल्यांवर एक लहानसें व्याख्यान दिलें. मुलाची आई मात्र कांहींच बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती आमच्यापुढें येऊन उभी राहिली व म्हणाली, “मामंजी, मी नोकरीचा राजीनामा देणार आहे. माझं मूल कुत्र्याला डबा घालतं आणि मला ते शेजाऱ्यांकडून कळतं, याचा अर्थ मी घरीं नसतें एवढाच.”

ही बाई अकरा वर्षें एका पेढीवर हिशेबनीस आहे आणि घराच्या कर्जाचा अर्धा हप्ता तिच्या पगारांतून जातो. आम्हीं तिला एवढेंच सांगितलें कीं, सूनबाई, आठ दिवस थांबा. चौतीस वर्षें शाळेंत काढल्यावर एक गोष्ट आम्हांस पक्की ठाऊक झालेली आहे: उत्तर चुकलें असेल तर मुलास आधीं त्याची रीत विचारावी.

त्या सायंकाळीं आम्ही स्वतः मैदानावर जाऊन कट्ट्यावर बसलों. शिकवणी सहाला सुटावयाची ती सहा वाजून दहा मिनिटांनीं सुटली. तेथून मैदान दहा मिनिटांच्या वाटेवर. साडेसहाला शिट्टी. म्हणजे डब्यासाठीं मिनिटें उरलीं दहा. त्यांत कपडे बदलावयाचे. पाण्याचा नळ मैदानाच्या दुसऱ्या टोंकाला. डब्याचें झांकण इतकें घट्ट कीं तें उघडतांना आमचींच बोटें दुखलीं असतीं. आंत बटाट्याची रसदार भाजी आणि चार पोळ्या. हळदीनें पिवळे झालेले हात घेऊन पोरानें जावें कोठें? आणि मुख्य गोष्ट पुढेंच आहे. मल्लखांबावर डोकें खालीं व पाय वर करून मुलें जे प्रकार करतात ते चार पोळ्या खाऊन कोणाच्यानें होणार? शिक्षकांनीं पोटभर खाऊन येऊं नका असें बजावलेलें होतें, आणि तें योग्यच होतें.

घरीं परततांना आम्हीं त्यास सहज विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “आजोबा, खाल्लं तर ओकारी येते. नाहीं खाल्लं असं सांगितलं तर आई मल्लखांब बंद करील. मग कुत्र्याला दिलं. ते खातं ना, वाया नाहीं गेलं.”

या उत्तरांत चोचले कोठें आहेत तें आम्हांस दिसेना. देश, काल आणि राशि या तिन्ही अंगांनीं आपली शिदोरी चुकत होती, आणि दोष मात्र उपयोक्त्याच्या माथीं मारला जात होता. आम्हीं सूनबाईंस सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं कागद-पेन्सिल घेऊन डब्याचे दोन भाग केले. मल्लखांबापूर्वीं दोन घासांचें, हात न भरणारें: एक केळें, किंवा तीन खजूर, किंवा पोळी चुरून तूप-गूळ घालून वळलेला एक लाडू. मल्लखांब झाल्यावर, साडेसातला, खरें खाणें: आदल्या तासाभरांत केलेली मुगाच्या डाळीची मऊ खिचडी थर्मासांत घालून, किंवा थालीपिठाचे चार तुकडे आणि घट्ट दह्याची लहान डबी. हें दुसरें खाणें नेण्याचें काम आमच्याकडे आलें. कट्ट्यावर बसून पोर तें चाटूनपुसून खातो. राजीनाम्याचा कागद लिहिलाच गेला नाहीं. घरीं आल्यावर सर्वांबरोबर पान मांडतो, त्यांत चमचाभर वरणभात आणि बऱ्याचशा गप्पा असतात. तेवढें आम्हांस पुरें आहे. सर्वांबरोबर बसणें महत्त्वाचें, पानांत किती हें नव्हे.

आतां खऱ्या चोखंदळ मुलांविषयीं. असें एक रत्न आमच्या घरींच आहे. आमची नात, सहा वर्षांची. हिच्या पानांत भाजीचा रस पोळीला लागला कीं पोळी गेली. कोशिंबिरींत मोहरी दिसली कीं कोशिंबीर गेली. नवा पदार्थ पाहिला कीं चव न घेतांच ‘नको’. यास आपल्याकडे हट्ट म्हणतात. शास्त्रज्ञ त्यास नव्या अन्नाचें भय म्हणतात, आणि तें दोन ते सहा वर्षांच्या वयांत अगदीं सामान्य आहे असें सांगतात. लिअ‍ॅन बर्च या अमेरिकन विदुषीनें लहान मुलांवर पुष्कळ वर्षें प्रयोग केले. एकच अनोळखी पदार्थ मुलापुढें अनेक वेळां, दडपण न आणतां, आला म्हणजे तो हळूहळू आवडूं लागतो, असें तिच्या १९८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. दहा-दहा वेळां चाखावें तेव्हां कोठें गोडी लागते. आपण काय करतों? दोनदां दुधी दिला, दोन्ही वेळां परत आला, कीं ‘हिला दुधी आवडत नाहीं’ असा शिक्का मारून मोकळे होतों. मग ती मुलगी पाहुण्यांसमोर तें वाक्य अभिमानानें म्हणूं लागते, आणि दुधीची वाट कायमची बंद होते. चरकानें ज्यास सात्म्य म्हटलें, म्हणजे संवयीनें अंगवळणीं पडणें, त्याचीच ही निराळ्या शब्दांतली ओळख आहे.

बर्चच्याच १९८० सालच्या दुसऱ्या एका प्रयोगांत असें आढळलें कीं, ज्या मुलाला एखादी भाजी नकोशी होती त्यास ती आवडीनें खाणाऱ्या मुलांच्या पंक्तीस बसविलें, तर तेंहि कांहीं दिवसांनीं ती घेऊं लागलें. येथें एकत्र कुटुंबाचें बळ दिसतें. आमच्या नातीनें घेवडा प्रथम खाल्ला तो आईच्या सांगण्यानें नव्हे, आजीच्या गोष्टीनें नव्हे. थोरल्या भावानें तिच्या डब्यांतला उचलून तोंडांत टाकला म्हणून. भागवताच्या दशम स्कंधांत यमुनेच्या वाळवंटावर गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडून एकमेकांची चव चाखतात व हंसतात, तो प्रसंग आमच्या वाचकांस स्मरत असेल. काल्याची गोडी त्या उष्ट्यांत आहे कीं नाहीं हें भक्तांनीं सांगावें. बालमानस त्यांत आहे खास.

डब्यासाठीं यावरून आम्हीं एक साधी रीत धरली. तीन खणांचा डबा घ्यावा, म्हणजे ‘संयोगा’चें भांडण मिटतें. दोन खणांत ओळखीचें व खात्रीचें. तिसऱ्यांत नवें, पण अगदीं करंगळीएवढें. गाजराचा एक तुकडा, एक कोथिंबीरवडी, चार डाळिंबाचे दाणे. तें परत आलें तर आलें. त्याबद्दल अक्षर काढावयाचें नाहीं, आणि खाल्लें तर टाळ्याहि वाजवावयाच्या नाहींत. ‘भाजी खा म्हणजे चॉकलेट देतें’ असा सौदा तर मुळींच करूं नये; त्यानें भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हें बक्षीस, हेंच मूल शिकतें. एलिन सॅटर नांवाच्या आहारतज्ज्ञ बाईंनीं यासाठीं कामाची सुंदर वांटणी सुचविली आहे: काय, केव्हां व कोठें द्यावयाचें तें मोठ्यांनीं ठरवावें, खावयाचें कीं नाहीं व किती, तें मुलानें. आमच्या पिढीच्या कानांना हें प्रथम विपरीत वाटतें. परंतु नीट पाहतां यांत मुलाचे लाड नाहींत. मुलास ‘किती’चा अधिकार दिला तसा ‘काय’चा अधिकार काढूनहि घेतला आहे. डब्यांत मेथीचा पराठा आहे. नको असेल तर नको. पण त्याऐवजीं बिस्किटाचा पुडा नाहीं.

आणि येथेंच एकत्र कुटुंबाची दुर्बलताहि दिसते. आईनें नियम करावा, आजीनें पदराआडून लाडू द्यावा, आत्येनें येतांना खाऊ आणावा, आजोबांनीं ‘असूं दे ग’ म्हणावें. दहा माणसांच्या घरांत मूल उपाशी म्हणून कधीं राहत नाहीं, आणि भूक म्हणून कधीं ओळखत नाहीं. क्लारा डेव्हिस या बाईंनीं नुकत्याच आईचें दूध सोडलेल्या बालकांपुढें नाना पदार्थ मांडून त्यांना मनास येईल तें खाऊं दिलें व १९२८ सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली. तीं बालकें उत्तम वाढलीं. पण युक्ति त्या पदार्थांच्या यादींत होती, हें त्या बाईंनीं स्वतःच पुढें सांगितलें: यादींत साधें अन्नच होतें, साखर किंवा मिठाया नव्हत्याच. कोपऱ्यावरच्या दुकानांतल्या रंगीत पुड्या ज्या यादींत आहेत तींतून निवडण्यास मुलास सांगणें हें स्वातंत्र्य नव्हे. सरकारनेंहि २०२० सालच्या नियमांनीं अति चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेंत आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आंत विकण्यास मनाई केली आहे. एकावन्नाव्या मीटरवर काय असतें तें आम्ही रोज पाहतों.

डब्याच्या तंत्राविषयीं आतां चार शब्द. गरम पोळी डब्यांत कोंडली कीं तिची वाफ झांकणाला लागून पाणी होते आणि पोळीवर ठिबकते. सायंकाळीं तिचा लगदा पाहून मूल नाक मुरडतें, तें योग्यच करतें. पोळी जाळीवर पसरून निवूं द्यावी, स्वच्छ सुती फडक्यांत गुंडाळावी, मग झांकण लावावें. थर्मासाचें उलट आहे. जेम्स ड्युअर या शास्त्रज्ञानें १८९२ सालीं दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली ही बाटली केली ती थंड वायूंसाठीं. पण निर्वात पोकळींतून उष्णता ना आंत येते ना सहज बाहेर जाते, म्हणून खिचडीसहि ती चालते. तींत आधीं उकळतें पाणी पांच मिनिटें भरून ठेवावें, तें ओतून लगेच वाफाळती खिचडी कांठोकांठ भरावी. कोमट खिचडी कोमट थर्मासांत घालणें म्हणजे जंतूंना पाळणा बांधून देणें. दहीभात न्यावयाचा तर ताज्या भातांत कोमट दूध व चमचाभरच दहीं घालावें. तो खातेवेळीं बेताचा आंबट होतो. मात्र वर सांगितलेला दोन तासांचा हिशेब येथेंहि विसरूं नये. पितळेचा जुना डबा प्रेमानें जपून ठेवा, पण कल्हई उडाली असेल तर त्यांत दहीं, चिंच, लोणचें घालूं नका, अन्न कळकतें. पोलादी डबा बरा. आणि झांकण मुलानें आपल्या हातानें उघडून दाखविल्याखेरीज तो डबा विकत घेऊं नका.

पदार्थांची यादी देण्याचा आमचा अधिकार नाहीं. तो स्वयंपाकघराचा आहे. तरी घरांत काय यशस्वी झालें तें सांगतों. भाजणीचें थालीपीठ ही आमच्या मतें या युगाचीच शिदोरी आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहूं, हरभरा, उडीद असें धान्य-डाळींचें मिश्रण एका घासांत जातें, आणि किसलेला दुधी किंवा चिरलेला पालक त्यांत दिसत नाहीं. (न सांगतां भाजी लपविणें आम्हांस पसंत नाहीं, कधीं तरी कळतेंच, आणि मग थालीपिठावरचाहि विश्वास उडतो. नातीसमोरच किसावी.) मुगाचें धिरडें गुंडाळून द्यावें. उकडलेलें रताळें बोटाएवढें चिरून, तुपावर परतून, मीठ-जिऱ्यांत घोळवावें. लिंबू पिळलेली मटकीची कोरडी उसळ वाटीभर दिली तर ती चमच्यानें खातां येते, आणि लिंबामुळें त्यांतलें लोह अंगीं लागण्यास साहाय्य होतें. उलट शिदोरीबरोबर चहा देऊं नये. तो त्याच लोहाला अडवितो.

हें सर्व करावयाचें कोणी? आईनें एकटीनें नव्हे, हें आम्ही जाड अक्षरांत छापण्यास संपादकांस सांगितलें असतें. भाजणी आमचें कुटुंब भाजतें, गिरणीवर आम्ही नेतों. रविवारीं गुळपापडी थोरला मुलगा थापतो. त्याच्या वड्या अद्याप चौकोनी होत नाहींत. कोणत्या वारीं कोणास कोठें जावयाचें आहे व कोणता डबा न्यावयाचा, याचें वेळापत्रक स्वयंपाकघराच्या दाराला आंतून चिकटविलेलें आहे. डबा घरीं आल्यावर धुण्याचें काम ज्याचें त्याचें.

एक गोष्ट मात्र आईबापांनीं ध्यानांत ठेवावी. मूल निवडून खातें आणि तरी खेळतें, वाढतें, तर धीर धरावा. परंतु वजन घटूं लागलें, घास गिळतांना ठसका लागूं लागला, वारंवार ओकारी होऊं लागली, किंवा खाण्यांत मोजके तीन-चारच पदार्थ उरले, तर न्यायसभा न भरवितां डॉक्टरांकडे जावें. विशिष्ट पदार्थानें तोंड सुजणें, अंगावर पित्त उठणें अशीं लक्षणें दिसलीं तर ‘थोडें थोडें खाऊन संवय होईल’ हा उपाय घरीं करूं नये. दाणे, दूध, काजू यांचें कांहीं मुलांस खरोखरच वावडें असतें, आणि तें चोचल्यांत गणणें घातक आहे.

राहतां राहिला परत आलेल्या डब्याचा प्रश्न. दारांतच ‘खाल्लंस का?’ असें विचारूं नये. मूल हातपाय धुऊन बसूं द्यावें, मग डबा उघडून काय उरलें तें पाहावें आणि मनांत टिपून ठेवावें. उरलेलें अन्न हें मुलानें न बोलतां लिहिलेलें पत्रच असतें. चार दिवस लागोपाठ पोळी उरली तर ती जाड होत असेल. फळ उरलें तर तें काळें पडत असेल. उरलेलें शिजवलेलें अन्न मात्र दहा तास दप्तरांत हिंडलेलें असतें. तें टाकून द्यावें, मोठ्यांनीं खाऊं नये. आमच्या वहिनींस हें अद्याप पटलेलें नाहीं. अन्न टाकवत नाहीं म्हणून त्या तें गुपचूप खातात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुंठीचा काढा मागतात. त्यावर आम्हीं काढलेला तोडगा इतकाच कीं, डब्यांत आतां आधींच कमी घालतों.